तेच उत्तर चौथ्यांदा देताना (गीता १७.१५)



आजचं वाचन : भगवद्गीता, अध्याय १७, श्लोक १५. सोबत ज्ञानेश्वरीतलं या श्लोकावरचं निरूपण.

सतरावा अध्याय म्हणजे श्रद्धात्रयविभागयोग. फक्त २८ श्लोकांचा, त्यामुळे बरेचदा आपण तो पटकन वाचून अठराव्याकडे जातो. पण याच अध्यायात १४, १५ आणि १६ या तीन श्लोकांत भगवंतांनी तपाची व्याख्या केली आहे. तप म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर काय येतं? निर्जळी एकादशी, पहाटे चारला उठणं, नाहीतर हिमालयातला कुणी साधू. या तीन श्लोकांत डोंगर नाही, गुहा नाही, उपाशी राहणंही नाही. शरीराचं तप आहे, वाणीचं तप आहे आणि मनाचं तप आहे. यातलं मधलं, म्हणजे वाणीचं तप, आज घेऊ. आणि ते एका अगदी घरगुती जागी लावून बघू : वय झालेल्या आईवडलांशी आपण रोज जे बोलतो, तिथे.

श्लोक काय सांगतो

बोलण्याच्या चार कसोट्या दिल्या आहेत. ते अनुद्वेगकर असावं, म्हणजे ऐकणाऱ्याला अस्वस्थ करणारं, टोचणारं नसावं. सत्य असावं. प्रिय असावं. आणि हितकारक असावं. श्लोकाच्या दुसऱ्या ओळीत पाचवी गोष्ट येते, स्वाध्यायाचा अभ्यास. ती सध्या बाजूला ठेवू, शेवटी तिच्याकडेच यायचं आहे.

या चार कसोट्या वाचताना आपलं मन एक चलाखी करतं. मला यातली एक तरी जमते ना, असं म्हणून पास होतं. ‘मी कडक बोलतो, पण खरं बोलतो,’ हे वाक्य आपण किती वेळा ऐकलंय! शंकराचार्यांनी आपल्या भाष्यात नेमकी हीच पळवाट बंद केली आहे. श्लोकात ‘च’ आहे, म्हणजे ‘आणि’. ते म्हणतात की या चारही गोष्टी एकत्र असतील तरच ते वाणीचं तप. एक कमी असली तरी नाही. मग सत्यापाशी थांबून चालत नाही, आणि नुसतं गोड बोलूनही चालत नाही. आपल्या भाषेत सांगायचं तर या चार अटी ‘ऑर’ने नाही, ‘अँड’ने जोडलेल्या आहेत. एक फॉल्स आली की पूर्ण उत्तर फॉल्स.

घरातलं उदाहरण

माझे बाबा झेडपीच्या शाळेतून निवृत्त झालेले शिक्षक. आता आमच्याकडे पुण्यात असतात. दरवर्षी नोव्हेंबर आला की हयातीच्या दाखल्याची धावपळ. पेन्शन जमा झाली का हे मोबाईलवर कसं बघायचं, पिन वेगळा आणि ओटीपी वेगळा का, गॅसचं बुकिंग झालं हे कुठे दिसतं, हे प्रश्न आमच्याकडे नेहमीचे. तुमच्याकडे प्रश्न वेगळे असतील, पण असतील नक्की. आणि तेच प्रश्न पुन्हा येत असतील.

अशा वेळी आपल्या पिढीची तीन उत्तरं ठरलेली असतात. एकेक कसोटीवर घासून बघू.

पहिलं उत्तर : ‘बाबा, मागच्याच आठवड्यात सांगितलं होतं ना.’ हे सत्य आहे, शंभर टक्के. पण ऐकणारा लगेच खजील होतो, म्हणजे उद्वेग झाला. प्रिय तर नाहीच. आणि हित? मागच्या आठवड्यात सांगितलं होतं, या माहितीने त्यांना आज बॅलन्स दिसणार आहे का? नाही. चारपैकी एक.

दुसरं उत्तर : ‘द्या इकडे, मी करून देतो.’ यात आवाज चढलेला नसतो. वरवर बघता प्रेमळच आहे. पण फोन त्यांच्या हातातून गेला. दोन मिनिटांत काम झालं आणि पुढच्या महिन्यात ते पुन्हा तिथेच उभे. असं दहादा झालं की माणूस स्वतःहून म्हणायला लागतो, ‘मला नाही जमत ते, मुलगा करतो.’ ज्या माणसाने आयुष्यभर घर चालवलं, तो स्वतःच्याच खात्याच्या बाबतीत पाहुणा होतो. इथे हिताची कसोटी हुकते. खरंच घाई असेल तर एखाद्या वेळी ठीक. रोजची पद्धत म्हणून नाही.

तिसरं उत्तर : ‘हो हो, बरोबर चाललंय तुमचं, करा.’ आणि आपली नजर लॅपटॉपवर. प्रिय आहे, टोचत नाही, पण खरं नाही, कारण आपण बघितलंच नाही.

चारही कसोट्यांना उतरेल असं उत्तर कसं असेल? साधंच : ‘बाबा, या, बसा. फोन तुमच्याच हातात ठेवा. हे वरचं निळं बटण दिसतंय? ते दाबा. हां, आता थोडं थांबा, याला वेळ लागतो.’ यात काही महान नाही, अध्यात्म तर अजिबात दिसत नाही. पण गीतेच्या व्याख्येने हे तप आहे. मला हा श्लोक आवडतो तो यासाठीच.

ज्ञानेश्वरीतले तीन दाखले

माउलींनी शके १२१२ मध्ये नेवाशात भावार्थदीपिका सांगितली. सतराव्या अध्यायात या श्लोकावर बोलताना ते जे दाखले देतात, ते मुळातून जरूर वाचा. मी इथे फक्त आशय सांगतो.

पहिला दाखला परिसाचा. परीस लोखंडाचं सोनं करतो, पण ते करताना लोखंडाचा आकार मोडत नाही की वजन तोडत नाही. चांगलं बोलणं तसं असतं. समोरच्याला न दुखावता त्याचं भलं करणारं. आपण मात्र सुधारणा म्हणजे आधी मोडतोड असं धरून चालतो. ‘तुमची ही जुनी सवय सोडा, वहीत लिहून ठेवणं बंद करा, सगळं ॲपमध्ये असतं.’ बाबांना वहीत लिहिल्यावर लक्षात राहत असेल तर राहू दे ना वही. त्या वहीतच मोठ्या अक्षरांत पायऱ्या लिहून देता येतात, फक्त पासवर्ड आणि पिन सोडून. आकार तसाच, काम झालं.

दुसरा दाखला पाण्याचा. पाणी आपण झाडाला घालतो, पण त्या निमित्ताने आजूबाजूचं गवतही जगतं. तसं एकाला बोललेलं सगळ्यांच्या हिताचं व्हावं. हे वाचताना मला माझी पाच वर्षांची मुलगी आठवते. मी आणि बाबा बोलत असतो तेव्हा ती तिथेच जमिनीवर ठोकळे मांडत बसलेली असते. आमच्याकडे लक्ष नाही असं वाटतं. पण परवा ती आपल्या बाहुलीला सांगत होती, ‘हां, आता थोडं थांबा, याला वेळ लागतो.’ पाणी गवतापर्यंत पोचतं. चांगलं पोचतं, तसं खारटही पोचतं. अजून तीस-पस्तीस वर्षांनी मी तिला काहीतरी चौथ्यांदा विचारणार आहे. ते उत्तर कोणत्या सुरात येईल, याचं शिक्षण तिला आत्ता मिळतंय.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. माउली म्हणतात की कुणी विचारलं तर असं बोलावं, एरवी वाचेने वेदांची आवर्तनं करावीत किंवा नाम घ्यावं. ‘कुणी विचारलं तर’ यावर जरा थांबा. प्रश्न ही वाणीच्या तपाची संधी आहे. म्हणजे कुणीतरी विचारतंय तोवरच ती आपल्याकडे आहे.

विचारणं बंद होतं तेव्हा

आमच्या सोसायटीत एक काका आहेत, पंच्याहत्तरीचे. एका रविवारी दुपारी ते खाली बाकावर भेटले. फोन रुमालात गुंडाळलेला. म्हणाले, ‘अरे, जरा बघतोस का, आज रात्री वीज तोडणार म्हणून मेसेज आलाय. या नंबरवर फोन करायला सांगतायत.’ मी मेसेज बघितला. मोबाईल नंबरवरून आलेला, चुकीच्या इंग्रजीतला, सरळ सरळ फसवणुकीचा. त्यांना सांगितलं की या नंबरवर फोन करायचा नाही, बिल भरलेलं आहे हे आपण आत्ताच बघू. बघितलं, भरलेलं होतं. काकांचा चेहरा सैल झाला. मग उठता उठता म्हणाले, ‘मुलाला सांगू नकोस हं. तो म्हणेल, एवढंही कळत नाही का.’

त्यांचा मुलगा वाईट नाही, हे मला माहीत आहे. दर महिन्याला पैसे पाठवतो, दिवाळीला येतो, औषधांच्या ऑर्डर वेळेवर लावतो. फक्त फोनवर चिडतो. आणि त्या चिडण्याचा परिणाम एवढाच झाला की काकांनी त्याला विचारणं थांबवलं. त्या दिवशी बाकावर मी नसतो, तर त्यांनी त्या मेसेजमधल्या नंबरलाच विचारलं असतं. तिकडचा माणूस अतिशय गोड बोलतो, चौथ्यांदा विचारलं तरी चिडत नाही. त्याचं सगळं भांडवलच ते आहे. घरात जो धीर मिळत नाही तो तिथे मिळतो, आणि खातं रिकामं होतं. (असं कुणाच्या बाबतीत घडलंच, तर उशीर न करता १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा. पहिले काही तास महत्त्वाचे असतात. हा नंबर आईबाबांच्या फोनमध्ये आजच सेव्ह करून ठेवा.)

आणि गोष्ट पैशांपुरतीही नाही. जे ओटीपीबद्दल विचारायला कचरतात, ते बाथरूममध्ये पाय घसरला हे सांगतील का? छातीत जरा जड वाटतंय, हे मिटिंग चालू असताना येऊन बोलतील? घरात माणूस एका दिवसात गप्प होत नाही. एकेक प्रश्न गिळत जातो.

ती कावळ्याची गोष्ट तुम्हाला सगळ्यांना फॉरवर्ड होऊन आली असेल. म्हातारे वडील मुलाला पुन्हा पुन्हा विचारतात, तो कोणता पक्षी, मुलगा चिडतो, मग जुनी डायरी निघते. ती वाचून डोळे पाणावतात आणि दुसऱ्या दिवशी आपण पुन्हा तसेच. अपराधी वाटल्याने सवय बदलत नाही. गीता आपल्याला अपराधी वाटायला लावत नाही. ती सरळ अभ्यास देते. आणि तो अभ्यास श्लोकाच्या दुसऱ्या ओळीत आहे.

स्वाध्याय इथे का आला?

मला बरेच दिवस प्रश्न होता की बोलण्याच्या श्लोकात स्वाध्याय मध्येच कशाला? स्वाध्याय म्हणजे ग्रंथाचं पठण, तेच तेच पुन्हा म्हणणं. त्याचा आणि आईवडलांशी बोलण्याचा काय संबंध?

संबंध पुनरावृत्तीचा आहे, असं मला वाटतं. आपण जपमाळ घेतो. १०८ मणी, तेच नाम. दुसऱ्या दिवशी पुन्हा १०८. ‘कालच तर घेतलं होतं’ असं आपण विठ्ठलाला म्हणत नाही. हरिपाठ रोज तोच असतो. मग तीच जीभ घरात चौथ्यांदा तेच वाक्य बोलताना एवढी का थकते?

कारण जप संपवायचा आहे असं आपण धरलेलंच नसतं. बाबांचा प्रश्न मात्र आपण टिकेटसारखा घेतो. उत्तर दिलं, क्लोज केलं, आता हे पुन्हा ओपन कसं झालं? राग प्रश्नाचा नसतो, रीओपन झाल्याचा असतो. ऑफिसमध्ये दिवसभर हीच सवय घोटलेली असते आणि संध्याकाळी सातला दार उघडलं म्हणून ती बाहेर चपलांपाशी थांबत नाही.

मी एकदा बाबांना विचारलं होतं, इतकी वर्षं दुसरीच्या वर्गाला तेच पाढे शिकवताना कंटाळा नाही आला का? ते म्हणाले, ‘पाढा जुना असला तरी पोरगं दरवर्षी नवीन असायचं ना.’ स्वाध्याय हेच शिकवतो. शब्द तेच, पण आज म्हणणारा मी नवीन, आजचा दिवस नवीन. रोज दहा मिनिटं मोठ्याने, सावकाश, न उरकता पठण करणाऱ्या जिभेला तेच शब्द पुन्हा नीट उच्चारायची सवय लागते. ती सवय मग स्वयंपाकघरात आणि सोफ्यावरही उपयोगी पडते. आणि नाम कोणतं? माउली त्याचीही अट घालत नाहीत. शैव असो की वैष्णव, एखादं नाम वाचेवर वसलं तरी ते वाणीचं तपच.

हित म्हणजे नुसता धीर नव्हे

इथे एक सावधगिरी. प्रेमाने उत्तर देत राहणं म्हणजे डोळे मिटून घेणं नाही. नवीन ॲप पुन्हा पुन्हा विचारणं वेगळं, आणि अर्ध्या तासात तोच प्रश्न तीनदा विचारणं, ओळखीच्या रस्त्यावर चुकणं, नेहमीचा हिशोब न जमणं वेगळं. असं दिसलं तर डॉक्टरांकडे न्या. बी-१२ कमी असणं किंवा थायरॉईड अशा उपचार होऊ शकणाऱ्या कारणांनीही विसराळूपणा येतो. ‘वय झालं, चालायचंच’ हे प्रिय वाटेल, हितकारक नाही.

तसंच कानाचं. वयामुळे ऐकू कमी येतं तेव्हा बहुधा आधी वरच्या पट्टीतले आवाज जातात. मग स, श, त, फ अशी व्यंजनं पुसट होतात. आवाज येतो पण शब्द कळत नाही. अशा वेळी ओरडून फायदा होत नाही, शब्द आणखी फाटतो आणि ऐकणाऱ्याला वाटतं, हा रागावलाय. मनात राग नसतानाही उद्वेग तयार होतो. समोर बसून, टीव्ही बंद करून, चेहऱ्यावर उजेड असताना, थोडं सावकाश बोललं की निम्मं काम होतं.

तप बिघडतं कसं

पुढचे तीन श्लोक, १७ ते १९, हेही सोबत वाचा. तेच तप श्रद्धेने, फळाची अपेक्षा न ठेवता केलं तर सात्त्विक. मान मिळावा म्हणून, दाखवण्यासाठी केलं तर राजस, आणि ते टिकत नाही असंही भगवंत सांगतात. फादर्स डेचं स्टेटस ठेवायला हरकत नाही, पण बाबांशी बोलणं स्टेटसइतकं गोड आहे का, हे एकदा बघावं. आणि हट्टाने, स्वतःला पिळून केलेलं तप तामस. दात आवळून, आतून धुमसत दिलेलं शांत उत्तर या गटात जातं. फार थकलेले असाल तर ‘बाबा, मला दहा मिनिटं द्या, मग बसू’ असं सांगणं चांगलं. फक्त अकराव्या मिनिटाला आपण स्वतः उठून जायचं.

आणि हा अभ्यास एकतर्फी आहे असंही समजू नका. मी आता छत्तीस वर्षांचा आहे. आमच्या टीममध्ये चोवीस वर्षांचा एक मुलगा आहे. नव्या टूलबद्दल मी त्याला एका आठवड्यात तीनदा विचारलं. तो तिन्ही वेळा खुर्ची वळवून, हसून सांगत होता. तिसऱ्यांदा विचारताना माझा आवाज जरा खाली गेला होता, हे मला जाणवलं. बाबांचा आवाज असाच खाली जातो. विचारणाऱ्याच्या बाजूला आपण सगळेच हळूहळू सरकतोय.

आजचा अभ्यास

१. आज दिवसभर ‘मागेच सांगितलं होतं’ हे शब्द घरात वापरायचे नाहीत. कुठल्याही सुरात नाही.

२. आईबाबांनी काही विचारलं तर फोन त्यांच्याच हातात ठेवून सांगायचं. तुमचं बोट स्क्रीनला लागता कामा नये.

३. घरी पोचण्याआधी, गाडीत किंवा मेट्रोत, पाच मिनिटं नाम. ऑफिसचं टिकेट तिथेच उतरवायचं.

४. लांब राहत असाल, पुणे-मुंबईत किंवा परदेशात, तर आज फोन लावून उलट विचारा : ‘काही अडलंय का? निवांत सांगा, मी बसलोय.’ मग खरोखर बसा. पहिल्यांदा ‘नाही रे, काही नाही’ असंच उत्तर येईल. थोडं थांबा. याला वेळ लागतो.

पांडुरंगा, ज्या वाचेने तुझं नाम घेतो, त्याच वाचेने घरातल्या माणसांशी बोलतो, याचं भान राहू दे. आणि आमच्या घरातली वडीलधारी माणसं न बिचकता विचारत राहोत.

उद्या श्लोक १६, मनाचं तप.

राम कृष्ण हरी.